स्विंगच्या वाद्यरचनेत नाचणाऱ्याला नेमकं काय लागतं?

ठेका_चुकला

मंडळी, सल्ला हवाय. आधी फजिती सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल.

गेलं दीड वर्ष पुण्यात लिंडी हॉप शिकतोय. माहीत नसणाऱ्यांसाठी: न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांनी घडवलेला हा जोडीचा नाच. स्विंग जॅझवर करतात. आमचा पंचवीस-तीस जणांचा गट आहे. महिन्यातून एकदा एक हॉल भाड्याने घेतो आणि तीन तास नुसतं नाचतो. या वेळी संगीत लावायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजपासून जॅझ ऐकतो, त्यामुळे जरा ताठ्यातच गेलो. गाणारं कोणी नको, फक्त वाद्यं, आणि तीही 'अस्सल' असं ठरवून यादी केली.

सुरुवात सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करने. दोन जोड्या उठल्या, अर्ध्या मिनिटात हसत खाली बसल्या. मग डेव्ह ब्रुबेकचं 'टेक फाइव्ह'. सूर ओळखीचा म्हणून बरेच जण उठले आणि सगळे एकमेकांच्या बोटांवर पाय देऊ लागले. पाच मात्रांचा तो तुकडा, आमचे पाय मोजणार सहा नाहीतर आठ. त्यानंतर मी कोल्ट्रेनची तेरा मिनिटांची रचना लावली. लोक पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ते तिकडेच गप्पा मारत उभे राहिले.

शेवटी गटातल्या एका ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि काउंट बेसीचं 'शायनी स्टॉकिंग्ज' लावलं. बेसीची पियानोवरची सुरुवात संपायच्या आत हॉल भरला.

पार्कर वाईट आणि बेसी चांगला असं तर कोणी म्हणणार नाही. मग याच्यात काय आहे जे त्याच्यात नाही? विशेषतः १९३५ ते ४५ च्या बिग बँडच्या वाद्यरचनांबद्दल जाणकारांनी सांगावं. पुढच्या महिन्याची यादीही मलाच करायची आहे (शिक्षा म्हणून).

चहा_बिस्किट

'टेक फाइव्ह'वर लिंडी हॉप! लेझीम झपतालात खेळायला लावल्यासारखं झालं की हो. त्या बोटांना माझा नमस्कार सांगा.

वाचतोय, येऊ द्या.

खर्जातला

हौशी डबल बेसवाला आहे, त्यामुळे माझं उत्तर तळापासूनच सुरू होणार.

तुमच्या लोकांनी बेसीची धून ओळखली नाही, चाल ओळखली. चाल म्हणजे शब्दशः चालणं. बेसीच्या १९३७-३८ च्या बँडचा पाया चौघांचा: बेसवर वॉल्टर पेज, गिटारवर फ्रेडी ग्रीन, ड्रम्सवर जो जोन्स आणि पियानोवर स्वतः बेसी. पेज प्रत्येक मात्रेला एक नवा सूर टाकत वर-खाली चालत राहतो. चारही मात्रांचं वजन जवळजवळ सारखं. ग्रीनची गिटार साधी, बिनविजेची. प्रत्येक मात्रेला एक छोटा झटका, संपलं. रेकॉर्डवर ती वेगळी अशी ऐकू येत नाही, पण नाचताना टाचेला कळते. हा माणूस १९३७ ला बँडमधे आला आणि १९८७ ला जाईपर्यंत त्याने हेच केलं. पन्नास वर्षं, सोलो जवळजवळ नाहीच. मला तर तो संतच वाटतो.

आता जो जोन्स. आधीचे ड्रमर लय मुख्यतः पायातल्या मोठ्या ड्रमवर धरायचे. धप धप धप धप. जोन्सने ती हाय-हॅटवर नेली, म्हणजे पायाने उघडमीट करायच्या त्या दोन झांजा. उघड्या झांजेचा नाद पुढच्या मात्रेपर्यंत लांबतो, त्यामुळे दोन मात्रांमधली जागा पोकळ राहत नाही. तुमचं एक पाऊल टेकतं आणि दुसरं उचललं जातं ते त्या 'स्स्स'वर.

आणि बेसी स्वतः काय करतो? फार काही करतच नाही. आठ मात्रांत दोन सूर टिंग टिंग. बाकी जागा तुमची.

पार्करच्या पिढीने नेमकं हेच उलटं केलं. मोठा ड्रम लय धरण्याऐवजी अनपेक्षित जागी दणका द्यायला वापरला, ठेका वरच्या झांजेवर गेला आणि वेग असा वाढला की पाऊल टेकायलाच वेळ नाही. खुर्चीत बसून ऐकायला अफाट. पायांना मात्र धरायला काही उरत नाही.

सावनी_नऊ

मी तीन वर्षं नाचतेय, वाद्य एकही येत नाही. वरचं सगळं मान्य, पण नुसता पाया असून भागत नाही हो. पाया तर लिफ्टमधल्या संगीतालाही असतो.

नाचताना मला सगळ्यात जास्त काय लागतं, तर पुढे काय येणार याचा अंदाज. आणि तो अंदाज मधूनच एकदा चुकायलाही हवा.

अंदाज कुठून येतो ते सांगते. स्विंगच्या बहुतेक रचना दोन साच्यांतल्या. एक, बत्तीस बारांचा (एक बार म्हणजे चार मात्रा): आठ बारांचा एक तुकडा, तोच पुन्हा, मग आठ बार वेगळे (याला ब्रिज म्हणतात), मग पहिला तुकडा परत. 'स्टॉम्पिन् ॲट द सॅव्हॉय' असंच आहे. दुसरा साचा बारा बारांचा ब्लूज. बेसीचं 'वन ओ'क्लॉक जंप' म्हणजे एकामागून एक बारा-बाराचे फेरे. एकदा हे अंगात भिनलं की अनोळखी रचनेतसुद्धा कळतं, आता वळण येणार. मग फिरकी कुठे घ्यायची, जोडीदाराला कुठे सोडायचं आणि कुठे ओढून घ्यायचं हे आपोआप जमतं.

आणि गंमत बघा. आमचा मुख्य प्रकार स्विंगआउट, तो आठ मात्रांचा. बाकीचे बरेच सहाचे. आठ बार म्हणजे बत्तीस मात्रा. त्यात आठचे चार बसतात, पण सहाचे नुसते घेत गेलात तर दोन मात्रा उरतात आणि तुम्ही तुकड्याच्या तोंडाशी अर्धवट पावलावर सापडता. म्हणून सहा-आठ मिसळावे लागतात. ब्लूजचा एक फेरा मात्र अठ्ठेचाळीस मात्रांचा. सहानेही जातो, आठनेही जातो! नवशिक्यांना ब्लूजवर इतकं मोकळं का वाटतं त्याचं माझ्या मते हे एक कारण आहे. कोणत्याही बाजूने मोजा, शेवटी घरीच पोचता.

ठेका_चुकला

सावनीताई, हे अठ्ठेचाळीसचं गणित कोणी शिकवलंच नव्हतं. दीड वर्ष मी उरलेल्या दोन मात्रांत अडकून पडलोय असं आत्ता लक्षात आलं.

अण्णा_दायाबाया

तबला शिकवतो. नाच येत नाही, जॅझ नातवामुळे कानावर पडतं. दोन शंका आहेत.

एक, ही मंडळी टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर का देतात? आमच्यात टाळी समेवर. दुसऱ्या मात्रेवर टाळी दिली की मला वाटतं मीच उशिरा आलो.

दोन, 'स्विंग' म्हणजे नक्की काय? नातू म्हणतो ते समजावून सांगता येत नाही, अंगात असावं लागतं. अंगात असतं ते सगळं मोजता येतं असं माझं चाळीस वर्षांचं मत आहे.

खर्जातला

अण्णा, मोजता येतं, तुमचं बरोबर आहे. निदान बरंचसं.

एका मात्रेचे तीन समान भाग करा, दादऱ्यात करतो तसे. पहिला सूर पहिल्या भागावर, दुसरा सूर तिसऱ्यावर. मधला भाग पहिल्यानेच खाल्ला. म्हणजे एका मात्रेत दोन सूर, पण एक लांब आणि एक आखूड. सरळ 'तक तक' नाही, 'ताऽक, ताऽक'. मध्यलयीत हे प्रमाण साधारण दोनास एक. लय जशी द्रुत होते तसे दोन्ही सूर समान व्हायला लागतात, कारण तेवढं लंगडायला वेळच नसतो. दोन वादकांची लंगड जरा वेगवेगळी असते आणि तो फरक कागदावर लिहिता येत नाही. नातवाचं बरोबर असेल तर तेवढ्यापुरतं.

लिंडी हॉपची 'ट्रिपल स्टेप' म्हणजे दोन मात्रांत तीन पावलं टाकतात. त्यातलं मधलं पाऊल बरोब्बर त्या आखूड सुरावर पडतं. म्हणून सुरांत लंगड नसेल तर ट्रिपल स्टेप कवायतीसारखी दिसते.

टाळीचं म्हणाल तर पहिली आणि तिसरी मात्रा सुरांच्या दृष्टीने जड असतेच. बेसचे मुक्कामाचे सूर तिथेच पडतात. हाय-हॅट बंद होते ती दुसरीवर आणि चौथीवर. एक जण जमिनीकडे ओढतो, दुसरा वर उचलतो. टाळीने त्या उचलणाऱ्याला हात द्यायचा, एवढंच.

तक्रारखोर

राग मानू नका, पण एवढी चिरफाड कशाला? गणपतीत ढोल-ताशावर लोक सहा तास नाचतात. तिथे कोण मोजतं बत्तीस बार? ज्याला नाचायचंय तो कशावरही नाचतो. बाकी सगळा बहाणा.

सावनी_नऊ

ढोल-ताशावर एकटं नाचता येतं, घोळक्यात नाचता येतं. अनोळखी माणसाचा हात धरून, एक शब्दही न बोलता, दोघांनी एकाच क्षणी थांबून दाखवा. ते जमायला दोघांनाही आधीच माहीत हवं की संगीत इथे थांबणार आहे. चिरफाड एवढ्यासाठीच.

(पथकातला ताशाही वाजवून पाहिलाय. तिथेसुद्धा मोजतात. तुम्ही विचारलं नसेल कधी.)

न्यूजर्सीकर_जोशी

धागा छान चाललाय. वाद्यं झाली, मोजणं झालं, पण हे संगीत घडलं कुठे तो हॉल अजून आलाच नाही.

सॅव्हॉय बॉलरूम. हार्लेममधे लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १४० व १४१ व्या रस्त्यांच्या मधे, १२ मार्च १९२६ ला उघडला, १९५८ ला बंद पडला. आता तिथे राहत्या इमारती आहेत. २००२ मधे लावलेला एक स्मृतिफलक तेवढा आहे. मी मुद्दाम जाऊन पाहिला. शेजारून माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन जात होती, एकही वळून बघत नव्हतं.

फ्लोअर एका अख्ख्या ब्लॉकच्या लांबीचा, लाकडी, पायाखाली किंचित लवचीक. इतका झिजायचा की दर तीनेक वर्षांनी बदलावा लागे. गोरे आणि काळे एकाच फ्लोअरवर नाचत, हे त्या काळच्या अमेरिकेत फार दुर्मिळ. आणि स्टेज दोन, शेजारी-शेजारी. एक बँड थांबला की दुसरा उचलायचा, त्यामुळे संगीत अखंड. यातूनच दोन बँडच्या लढती सुरू झाल्या आणि निकाल लावायचे ते नाचणारे. ज्याच्यावर लोक जास्त नाचले तो जिंकला.

तिथला घरचा बँड चिक वेबचा. वेब ड्रमर. लहानपणी मणक्याचा क्षयरोग झालेला, पाठीला कुबड, उंची जेमतेम चार फूट. ड्रम्सचे पेडल त्याच्या मापाचे बनवून घ्यावे लागत. ११ मे १९३७ ला बेनी गुडमन आपला बँड घेऊन आला. तेव्हा गुडमन देशभर गाजत होता, ड्रम्सवर जीन क्रुपा. आत सुमारे चार हजार लोक आणि दाराबाहेर आत न जाऊ शकलेली आणखी मोठी गर्दी. वेबने त्यांना धुऊन काढलं. शेवटी क्रुपाने वेबपुढे कमरेत वाकून मान दिला असं सांगतात.

आता मुद्दा. गुडमनच्या पोतडीतल्या बऱ्याच गाजलेल्या चिजा फ्लेचर हेंडरसनने बांधलेल्या होत्या आणि 'स्टॉम्पिन् ॲट द सॅव्हॉय' तर वेबच्या बँडमधल्या एडगर सॅम्पसनची. म्हणजे कागद बराचसा एकाच अंगणातला. फरक असा की वेब रोज रात्री त्याच लोकांसमोर वाजवायचा. समोर कोणी नवी गिरकी घेतली की ड्रमवरून तिला उत्तर मिळायचं. नाचणारे बँडला ऐकत होते आणि बँड नाचणाऱ्यांना. आपण आज रेकॉर्ड लावतो तेव्हा त्यातली फक्त अर्धी बाजू आपल्याला मिळते.

चहा_बिस्किट

जोशीबुवा, भाजीच्या पिशव्या आवडल्या.

अण्णा_दायाबाया

कथकमधे समोरच्या पायांकडे बघूनच तबलजी बोल उचलतो. चिक वेब आमच्यातलाच म्हणायचा. एखादी रेकॉर्ड सुचवा.

न्यूजर्सीकर_जोशी

अण्णा, वेबची १९३४ ची 'स्टॉम्पिन् ॲट द सॅव्हॉय' आधी ऐका, मग गुडमनची १९३६ ची. गुडमनची घासूनपुसून चकचकीत आहे. वेबच्या रेकॉर्डचा आवाज जुनाट वाटेल, पण तिच्यात एक ढकल आहे. मागून कोणीतरी खांद्याला हलकेच रेटतंय अशी.

ठेका_चुकला

सगळे रिफबद्दल बोलतात. रिफ म्हणजे तीच ती छोटी सुरावट पुन्हा पुन्हा, बरोबर? ऐकणारा म्हणून मला ते जरा कंटाळवाणं वाटायचं, म्हणूनच मी पार्करकडे पळालो असेन. नाचायला ते बरं का पडतं?

खर्जातला

कारण नाचणाऱ्याचं लक्ष दोन ठिकाणी वाटलेलं असतं. जोडीदाराचा हात आणि कान. रिफ दोनदा ऐकला की तिसऱ्यांदा तो ऐकावा लागत नाही, त्यावर काहीतरी करता येतं. कीर्तनात पालुपद पाठ असतं म्हणूनच टाळकऱ्यांना झुलता येतं. दर ओळीला नवा अभंग काढला तर सगळे स्तब्ध उभे राहतील.

बिग बँडमधे रिफ एकटा नसतो. सॅक्सोफोनवाले एक म्हणतात, ट्रंपेट-ट्रॉम्बोनवाले त्यावर फटकन उत्तर देतात. लीड आणि फॉलो, म्हणजे जोडीतला नेणारा आणि त्याच्या मागे जाणारी, दोघांत हे वाटून घेता येतं, एकाने सवाल, दुसरीने जवाब.

'वन ओ'क्लॉक जंप'मधे हे थरावर थर कसं चढतं ते ऐका. जुलै १९३७ चं रेकॉर्डिंग. बेसीचा पियानो एका पट्टीत सुरू होतो, मग बँड येताना पट्टीच बदलते, एफवरून डी फ्लॅट. तिथेच पहिला झोका. मग एकेकाचे सोलो, पण सोलोमागे बाकीचे हळू आवाजात रिफ धरून. हर्शल एव्हान्सचा टेनर सॅक्स दणकट, भरदार. थोड्या वेळाने लेस्टर यंगचा, तोच सॅक्स पण हवेत तरंगणारा. मग बँड गप्प होतो, फक्त ऱ्हिदम सेक्शन (बेस, गिटार, ड्रम्स) आणि बेसीची टिंगटिंग. इथे नाचणारे पावलं लहान करतात, श्वास घेतात. आणि मग शेवटचे फेरे, सगळा बँड रिफवर रिफ. तीन मिनिटांत चढण, पठार आणि शिखर.

हे सगळं आधी लिहिलेलं नव्हतं बरं का. कॅन्सस सिटीत रात्र-रात्र वाजवता वाजवता वादकांनी आपसांत ठरवत रचलेलं. मूळ नाव रेडिओवर घेण्याजोगं नव्हतं, म्हणून निवेदकाने विचारल्यावर बेसीने घड्याळ पाहून हे नाव सांगितलं अशी गोष्ट आहे. रात्रीचा एक वाजत आला होता.

सावनी_नऊ

तीन मिनिटांबद्दल कोणी बोललंच नाही! तेव्हाच्या दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची. ती मर्यादा नाचणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. सोशलमधे, म्हणजे तुमच्या महिन्याच्या नाचासारख्या संध्याकाळी, दर गाण्याला जोडीदार बदलतो. तीन मिनिटं कोणाहीबरोबर आनंदात जातात, अगदी हात घामेजलेल्या नवशिक्याबरोबरसुद्धा. तुमचं ते तेरा मिनिटांचं कोल्ट्रेन... मी तिथे असते तर मीही पाणी प्यायला गेले असते.

आणि माझा एक वाद खर्जातल्यांशी. चारही मात्रा सारख्या, चारही मात्रा सारख्या, असं किती घोकाल? जिमी लन्सफर्डचा बँड ऐका. साय ऑलिव्हरने बांधलेल्या त्यांच्या कितीतरी रचनांत बेस दोनच मात्रांवर पडतो, पहिली आणि तिसरी. मधे जागा. त्याने असा काही उसळता झोल येतो की गुडघे आपोआप मऊ होतात. १९३७ च्या एका रचनेचं तर नावच 'फॉर डान्सर्स ओन्ली'. फार वेगवान नाही, आरडाओरडा नाही. सगळा बँड एका माणसासारखा हलतो आणि वाट बघायला लावतो. माझ्यासाठी नाचायची वाद्यरचना म्हणजे हीच, बेसी नंतर.

खर्जातला

दोन मात्रांवर वाजवणाऱ्या बेसवाल्याला पगार अर्धा मिळावा असं माझं मत आहे.

(रचना मात्र झकास. हरलो.)

माझगावचा_ट्रंपेट

आवांतर होतंय, पण राहवत नाही.

माझे वडील मुंबईत डान्स बँडमधे ट्रंपेट वाजवायचे, आम्ही मूळचे बार्देशचे. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फेज (लिहिलेले सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे ही पोरं मुंबईत आली तेव्हा कोणताही कागद समोर ठेवा, वाचून वाजवत. ताजमधे १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड आला, मग टेडी वेदरफर्ड. त्यांचं ऐकून आपले शिकले. पुढे ताजमधे मिकी कोरियांचा बँड दोन दशकांहून जास्त वाजला. वडील सांगायचे, पाहुणे जेवता जेवता उठून नाचायला आले की समजायचं लय बरोबर लागली. टाळ्या पडल्या तर उलट काळजी, म्हणजे लोक बसून ऐकतायत!

नंतर दारूबंदी आली, हॉटेलांतली ती रात्र विझली आणि बरेचसे वादक सिनेमाच्या स्टुडिओत गेले. चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, आपल्या सी. रामचंद्रांकडे होता. 'अलबेला' (१९५१) मधे तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. भगवानदादांची ती जागच्या जागी झुलणारी चाल आठवा. जास्त हालचाल नाही, गुडघे मोकळे, ठेका खांद्यात. सावनीताई म्हणतात ते मऊ गुडघे तेच. चितळकर अण्णा (म्हणजे सी. रामचंद्रच) मूळचे पुणतांब्याचे आणि मागे ट्रंपेट गोव्याचा, पण त्या ठेक्याची आई हार्लेमचीच.

ठेका_चुकला

हे आवांतर अजिबात नाही. तुमच्या वडिलांचं टाळ्यांबद्दलचं वाक्य आमच्या हॉलच्या दारावर लावायला हवं. माझ्या यादीला सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या, बसून.

एक मात्र खुपतंय. पार्करला इथे फार झोडपलंय.

न्यूजर्सीकर_जोशी

झोडपू नये. पार्कर कॅन्सस सिटीचाच, बेसीच्या वाटेवरचा. तरुणपणी जे मॅकशॅनच्या बँडमधे होता आणि १९४२ मधे याच सॅव्हॉयच्या स्टेजवर नाचणाऱ्यांसाठी वाजवत होता. त्याला नाचवता येत नव्हतं असं नाही, त्याला दुसरीकडे जायचं होतं.

शिवाय परिस्थितीही फिरली. युद्धात वादक सैन्यात गेले, मोठे बँड पोसणं परवडेना. १९४४ मधे सरकारने नाचगाण्याच्या जागांवर कर बसवला, आधी ३० टक्के, मग २०. नाच नसेल, गाणारं नसेल, नुसतं वाद्यसंगीत असेल तर तो कर लागत नसे. मग छोटे क्लब, छोटे बँड, खुर्च्या आणि फ्लोअरच्या जागी टेबलं.

तक्रारखोर

हे मात्र माहीत नव्हतं. करामुळे नाच बंद पडला! सरकार कुठलंही असो...

ठीक आहे, एक खरा प्रश्न विचारतो. 'इन द मूड' तर सगळ्यांना माहीत असतं. ते चांगलं की नाही नाचायला? आमच्या पुतणीच्या संगीतला लावायचा विचार आहे.

सावनी_नऊ

बघा, आलात ना शेवटी.

लिंडीवाल्यांमधे ग्लेन मिलरला नाक मुरडायची पद्धत आहे. फार गुळगुळीत, इस्त्रीचं स्विंग, वगैरे. मी मुरडत नाही. १९३९ ची ती रेकॉर्ड नीट ऐका. शेवटाकडे तोच रिफ येतो, संपल्यासारखा वाटतो, परत येतो पण हळू आवाजात, परत येतो आणखी हळू आवाजात, आणि मग अचानक पूर्ण बँड फुटतो. फ्लोअरवर दर वेळी तेच घडतं. आवाज उतरतो तसे सगळे गुडघ्यातून खाली खाली जातात, अगदी जमिनीशी, आणि स्फोटाला उसळून उभे. न शिकलेल्यांनासुद्धा दुसऱ्या फेरीत कळतं. संगीतला बिनधास्त लावा. फक्त आजीला खाली बसवू नका.

ठेका_चुकला

मग यादीसाठी वेगाचं सांगा. काय धरू?

खर्जातला

पंधरा सेकंदांत पडलेल्या मात्रा मोजा, चारने गुणा. १२० ते १४० ला नवशिके सुखात. १४० ते १८० ला बहुतेक सगळे. २०० च्या वर हौशी, आणि 'जंपिंग ॲट द वुडसाइड'सारखं २३० च्या पुढचं संध्याकाळभरात एक-दोनदाच. 'शायनी स्टॉकिंग्ज' १३० च्या आतबाहेर. ते १९५० च्या दशकातलं आहे, स्विंगच्या ऐन काळातलं नाही, पण फ्रँकी मॅनिंगची ती अतिशय लाडकी रचना. लिंडी हॉपमधे जोडीदाराला हवेत उडवायची पहिली करामत १९३५ च्या सुमारास सॅव्हॉयमधे यानेच केली. त्याला तेवढ्या संथ लयीत मजा येत होती, आपण धावायची काय गरज?

आणि १९३० च्या दशकातली रेकॉर्डिंग सलग लावू नका. तुमच्या हॉलमधे आवाज घुमत असणार, त्यात जुन्या तबकडीतला बेस बुडतो आणि फक्त ट्रंपेटची किरकिर उरते. मधे मधे बेसीच्या १९५० च्या दशकातल्या रेकॉर्ड पेरा. तिथे बेस पोटात जाणवतो.

न्यूजर्सीकर_जोशी

मॅनिंगचं नाव निघालं म्हणून. स्विंग ओसरल्यावर या माणसाने तीसेक वर्षं टपाल खात्यात नोकरी केली. १९८६ मधे नाच शिकू पाहणारे काही तरुण त्याला शोधत आले. मग त्याने पुन्हा शिकवायला सुरुवात केली, स्वीडनमधल्या हेरेंगच्या शिबिरात १९८९ पासून, आणि २००९ मधे जाईपर्यंत शिकवतच होता. आज पुण्यात तुम्ही पाय आपटताय ते त्याच्यामुळे.

ठेका_चुकला

(महिन्यानंतर)

काल झाली दुसरी खेप. हिशोब देतो.

'शायनी स्टॉकिंग्ज'ने उघडलं, सुरक्षित. मग वेबचं 'सॅव्हॉय'. जोशीबुवा, ती खांद्याची ढकल खरंच आहे. 'वन ओ'क्लॉक जंप'ला मी स्वतः नाचलो आणि अठ्ठेचाळीस मात्रांनी बरोब्बर घरी पोचलो, तीनदा. चौथ्यांदा मोजायचं विसरलो तेव्हा जास्त बरं जमलं. 'फॉर डान्सर्स ओन्ली'ला दोन जोड्यांनी पुन्हा लावा म्हणून सांगितलं. 'कॉटन टेल' लावायचा मोह झाला, एलिंग्टन माझा जीव की प्राण, पण वेग बघून हात आवरला. खुर्चीत बसून ऐकेन.

एक चूक केलीच. शेवटचं म्हणून गुडमनचं 'सिंग सिंग सिंग' लावलं, ते आठ मिनिटांहून मोठं. क्रुपाचे ड्रम्स थांबायलाच तयार नाहीत. पाचव्या मिनिटाला अर्धा हॉल भिंतीला टेकून धापा टाकत होता. सावनीताईंचं तबकडीचं म्हणणं आता पाठ झालं.

आणि अण्णा आले होते! नातवाबरोबर. तीन तास खुर्चीवर बसून सगळं ऐकलं. टाळी मात्र पहिल्या मात्रेवर.

अण्णा_दायाबाया

'शायनी स्टॉकिंग्ज' परत लावलंत तेव्हा दोन आवर्तनं मी दुसरीवर दिली होती. तुमचं लक्ष पायाकडे होतं.

पुढच्या महिन्यात हॉल कोणत्या शनिवारी आहे? आणि तो कोपऱ्यातला स्पीकर फाटलाय, बेसवाल्यांना सांगा एखादा बरा आणायला.

खर्जातला

दुसऱ्या शनिवारी मी पुण्यात आहे. माझा स्पीकर आणतो. उचलायला दोन माणसं लागतील, जिना किती मजल्यांचा आहे तेवढं कळवा.